दवाखान्यातून क्रांतीकडे : डॉ. जोसेफ वॉरन

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या जुलैमध्ये निघाला. त्यावर सही करणाऱ्या ५६ जणांमध्ये काही डॉक्टर होते. फिलाडेल्फियाचे बेंजामिन रश, न्यू हॅम्पशायरचे जोसाया बार्टलेट आणि मॅथ्यू थॉर्नटन, जॉर्जियाचे लायमन हॉल ही त्यांची नावं. पण बोस्टन शहरात ज्या डॉक्टरने या लढ्याची बांधणी केली, त्याची सही त्या कागदावर नाही. जाहीरनामा निघाला तेव्हा त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तो रणांगणावर मारला गेला. त्याचं नाव डॉ. जोसेफ वॉरन.

वॉरनची ओळख आज मुख्यतः त्याच्या मृत्यूमुळे आहे. चित्रकार जॉन ट्रंबुलने १७८६ मध्ये बंकर हिलच्या लढाईतला वॉरनचा शेवट रंगवला आणि तेच चित्र लोकांच्या मनात कायमचं राहिलं. मला मात्र त्याच्या मृत्यूपेक्षा त्याआधीची अकरा वर्षं अधिक महत्त्वाची वाटतात. रुग्ण तपासायचा, जे दिसलं ते लिहून ठेवायचं आणि मग उपाय ठरवायचा, ही वैद्यकीतली शिस्त त्याने राजकारणात आणली. बोस्टनचा असंतोष साऱ्या जगापुढे मांडला गेला, त्यामागे या शिस्तीचा फार मोठा वाटा आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

जोसेफ वॉरनचा जन्म ११ जून १७४१ रोजी बोस्टनच्या वेशीलगतच्या रॉक्सबरी गावात झाला. घरची शेती होती, सफरचंदाची बाग होती. चौदाव्या वर्षी तो हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी, १७५५ च्या ऑक्टोबरमध्ये, वडील बागेत सफरचंदं काढताना शिडीवरून पडले आणि गेले. मागे आई आणि चार मुलगे. जोसेफ सर्वांत थोरला, तर धाकटा जॉन दोन वर्षांचा होता. तरीही आईने थोरल्याचं शिक्षण थांबू दिलं नाही. १७५९ मध्ये तो पदवीधर झाला, काही काळ रॉक्सबरीच्याच शाळेत मास्तर म्हणून राहिला आणि मग वैद्यकीकडे वळला.

त्या वेळी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींमध्ये एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. पहिलं सुरू झालं ते १७६५ मध्ये, फिलाडेल्फियात. ज्याच्या घरी पैसा होता तो लंडनला किंवा एडिंबराला जाई. बाकीच्यांनी एखाद्या नावाजलेल्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची, औषधं कुटायची, अवजारं सांभाळायची, गुरूबरोबर घरोघरी हिंडून रुग्ण पाहायचे. वॉरनला गुरू चांगला मिळाला. डॉ. जेम्स लॉइड लंडनमध्ये शिकून आलेले होते. शस्त्रक्रिया आणि बाळंतपण या दोन्हींत त्यांचा हातखंडा होता. पुढे राजकारणात गुरू इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले आणि शिष्य राजाविरुद्ध उभा ठाकला.

देवीच्या साथीने घडवलेला डॉक्टर

१७६४ मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ पसरली. त्या काळी देवी म्हणजे मृत्यू, आणि जगलाच तर व्रण किंवा अंधत्व. जेन्नरची गोस्तनदेवीची लस यायला अजून ३२ वर्षं होती. उपाय एकच होता आणि तो धोक्याचा होता. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या दंडावर छोटी चीर देऊन आत घालायचा. टोचून घेणाऱ्याला खरीखुरी देवी येई, पण बहुधा सौम्य. तेवढे दिवस त्याला इतरांपासून वेगळं ठेवावं लागे, कारण त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकत होती. बोस्टनने हा उपाय १७२१ च्या साथीत पाहिला होता. ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने आपल्या मुलखातली ही पद्धत धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांना सांगितली आणि डॉ. झॅबडिएल बॉइलस्टन यांनी ती अमलात आणली. तेव्हा शहरातून त्यांना कडवा विरोध झाला होता.

१७६४ मध्ये वातावरण बदललेलं होतं. शहराने सार्वत्रिक टोचणीला परवानगी दिली. बंदरातल्या कॅसल विल्यम या बेटावरच्या किल्ल्यात टोचलेल्यांसाठी रुग्णालय उघडलं गेलं आणि बावीस-तेवीस वर्षांच्या वॉरनने तिथे काम केलं. साथीचे आकडे बोलके आहेत. सुमारे ५,००० जणांनी टोचून घेतलं, त्यांपैकी दगावले ५० हून कमी. ज्यांना नैसर्गिकरीत्या देवी आली ते सुमारे ७००, आणि त्यांतले १२० हून अधिक मेले. एकीकडे शंभरात एक, दुसरीकडे सहात एक.

या साथीत टोचून घेणाऱ्यांमध्ये जॉन ॲडम्स नावाचा तरुण वकील होता, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या दंडावर डॉ. पर्किन्स यांनी चीर दिली आणि त्याच्या भावाच्या दंडावर वॉरनने. तेव्हापासून ॲडम्स कुटुंबाचा वॉरनशी ऋणानुबंध जुळला. काही वर्षांनी ॲडम्सच्या मुलाचं, जॉन क्विन्सीचं, बोट वाईट मोडलं. बोट कापून टाकण्याची वेळ आली असताना वॉरनने ते वाचवलं. हा मुलगा अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष झाला आणि म्हातारपणीही त्याने हे उपकार आठवणीने लिहून ठेवले.

वॉरनच्या रुग्णांच्या हिशेबवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत श्रीमंत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, सरकारच्या बाजूची माणसं आहेत आणि सरकारविरोधीही आहेत. गरिबांच्या आश्रमातल्या रुग्णांवरही तो उपचार करी. त्या वेळचं बोस्टन पंधरा-सोळा हजार वस्तीचं. एवढ्या गावात ज्याला घराघरांत प्रवेश आहे, ज्याच्यासमोर माणसं आपलं दुखणं उघड करतात, त्याला गावाची नाडी आपसूक कळते. पुढे त्याच्या शब्दाला जे वजन आलं, ते या रोजच्या फेऱ्यांतून कमावलेलं होतं.

चिकित्सा एका मृत्यूची

इंग्लंडने सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी वसाहतींवर कर बसवायला सुरुवात केली, तेव्हा वॉरनचा व्यवसाय नुकता बसत होता. १७६५ चा मुद्रांक कायदा, १७६७ चे काच, कागद, रंग आणि चहा यांवरचे कर. ब्रिटिश संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता, आणि ज्या सभेत आपलं कोणी नाही तिने आपल्यावर कर का बसवावा, हा बोस्टनचा सवाल होता. सॅम्युएल ॲडम्स हा या चळवळीतला मुरलेला पुढारी वॉरनपेक्षा जवळजवळ एकोणीस वर्षांनी मोठा. त्याने या तरुण डॉक्टरला जवळ केलं. १७६८ मध्ये वॉरनने टोपणनावाने ‘बोस्टन गॅझेट’मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्ड यांच्यावर इतका जळजळीत लेख लिहिला की गव्हर्नरांनी खटल्याची तयारी केली. पण आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांनीच नकार दिला.

वॉरनची खरी पद्धत दिसली ती १७७० मध्ये. २२ फेब्रुवारीला जकात खात्याचा खबऱ्या एबेनेझर रिचर्डसन याच्या घरासमोर जमाव जमला. दगडफेक झाली, तेव्हा रिचर्डसनने खिडकीतून छऱ्यांची बंदूक झाडली. ख्रिस्टोफर सायडर हा अकरा-एक वर्षांचा मुलगा त्यात मेला. त्याच्या शवाची तपासणी वॉरनने केली, आणि मृत्यू छऱ्यांनीच झाला हे डॉक्टरच्या साक्षीने नोंदलं गेलं. मुलाच्या अंत्ययात्रेला अवघं बोस्टन लोटलं. अफवेवर पेटणाऱ्या जमावापेक्षा नोंदलेलं सत्य अधिक दूर जातं, हे त्या दिवसांत चळवळीला कळलं.

सायडरच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनी, ५ मार्चच्या रात्री, ब्रिटिश सैनिकांनी किंग स्ट्रीटवर जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसं मेली. नगरसभेने चौकशीसाठी तिघांची समिती नेमली. जेम्स बोडॉइन, सॅम्युएल पेंबर्टन आणि डॉ. वॉरन. या तिघांनी नव्वदहून अधिक प्रत्यक्षदर्शींचे शपथेवरचे जबाब गोळा केले, त्यांचा अहवाल छापला आणि लंडनला धाडला. हा अहवाल निःपक्ष नव्हता. तो बोस्टनच्या बाजूने लढवलेला दावा होता. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं ते वॉरनच्याच गोटातल्या जॉन ॲडम्सने. कॅप्टन आणि सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. दोन्ही कामं एकाच गावाने केली, आणि दोन्हींमध्ये आधार पुराव्याचा होता. अमेरिकेच्या क्रांतीचं हे वैशिष्ट्य मला मोलाचं वाटतं.

एकटा पडलेला पुढारी

१७७२ च्या अखेरीस बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती स्थापन झाली. गावोगावी पत्रं पाठवायची, आपल्या तक्रारी मांडायच्या, उत्तरं मागवायची, असं तिचं काम. वॉरन तिच्या मुख्य कार्यकर्त्यांपैकी एक. याच समितीत डॉ. बेंजामिन चर्च हेही होते. तेही नामवंत डॉक्टर, तेही फर्डे वक्ते. वॉरनच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी चर्च यांचं सांकेतिक लिपीतलं एक पत्र पकडलं गेलं आणि ते ब्रिटिशांना बातम्या पुरवत असल्याचं उघड झालं. तोवर ते अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख झालेले होते.

१७७३ च्या वसंतात वॉरनची पत्नी एलिझाबेथ वारली. चार लहान मुलं पदरात, दवाखाना आणि त्यावर चळवळ. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. इंग्लंडने शिक्षा म्हणून बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराची सनद मोडून टाकली. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय नगरसभा भरवायला बंदी आली.

बंदी नगरसभांवर होती. जिल्हा परिषदांबद्दल कायदा काही बोलत नव्हता. ही फट पाहून सफोक जिल्ह्यातल्या गावांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि ९ सप्टेंबर १७७४ रोजी मिल्टन गावात वॉरनने लिहिलेले ठराव मंजूर झाले. नवे कायदे पाळायचे नाहीत, सरकारी तिजोरीत कर भरायचा नाही, ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकायचा आणि गावोगावी लोकांनी शस्त्रांचा सराव करायचा, असं त्यांत म्हटलं होतं. त्याच वेळी संयम राखा, मालमत्तेची नासधूस करू नका, असंही बजावलं होतं. पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर, वॉरनचा मित्र, घोड्यावरून ते कागद घेऊन फिलाडेल्फियाला गेला. तिथे भरलेल्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसने १७ सप्टेंबरला त्यांना पाठिंबा दिला. एका जिल्ह्याचे ठराव आठ दिवसांत साऱ्या वसाहतींची भूमिका झाले.

६ मार्च १७७५ रोजी, किंग स्ट्रीटवरच्या गोळीबाराच्या स्मृतिदिनाच्या सभेत वॉरनचं भाषण ठरलं. बोस्टन तेव्हा ब्रिटिश फौजेने भरलेलं होतं. ओल्ड साउथ सभागृह गच्च भरलं. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ब्रिटिश अधिकारी बसलेले होते. गर्दीमुळे वॉरनला खिडकीतून आत यावं लागलं, असं सांगतात. त्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने शहरातल्या सैन्याविरुद्ध भाषण केलं. याच सुमाराला, मार्च १७७५ च्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे सुरतेत रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या गादीसाठी साष्टी आणि वसई देऊ केली. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्यातून पेटलं. ज्या कंपनीचा चहा बोस्टनच्या समुद्रात गेला, तीच कंपनी इथे आपल्या घरातल्या भांडणात शिरली होती. दोन्हीकडचे प्रश्न निराळे आणि शेवटही निराळे, पण ही दोन टोकं एका साम्राज्याने जोडलेली होती.

एप्रिलपर्यंत बाकीचे मोठे पुढारी शहर सोडून गेले होते. वॉरन मागे राहिला. १८ एप्रिलच्या रात्री ब्रिटिश सैन्य कॉनकॉर्डच्या शस्त्रसाठ्यावर निघाल्याची खबर त्याच्यापाशी पोचली. त्याने दोन माणसं दोन वाटांनी रवाना केली. विल्यम डॉझ जमिनीवरून आणि पॉल रिव्हिअर नदी ओलांडून. अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या रिव्हिअरच्या त्या घोडदौडीचा हुकूम एका डॉक्टरने दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्सिंग्टन गावात लढाईला तोंड फुटलं. वॉरनने आपले रुग्ण विल्यम युस्टिस या शिष्यावर सोपवले आणि तोही लढाईकडे निघाला. हा युस्टिसही पुढे राजकारणात गेला, अमेरिकेचा युद्धमंत्री आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. मेनोटॉमी गावापाशी एक गोळी वॉरनच्या कानाजवळून केसांतली पिन उडवून गेली. तो थोडक्यात वाचला.

लढाई संपताच त्याने पुन्हा तीच जुनी रीत अवलंबली. लेक्सिंग्टनला पहिली गोळी कोणी झाडली, याबद्दल साक्षीदारांचे शपथपूर्वक जबाब घेतले गेले. त्यांच्यासोबत इंग्लंडच्या जनतेला उद्देशून वॉरनच्या सहीचं पत्र जोडलं आणि सेलमचा कॅप्टन जॉन डर्बी हलक्या जहाजाने ते घेऊन निघाला. ब्रिटिश सेनापती गेज यांचा अधिकृत अहवाल लंडनला पोचण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी वसाहतींची बाजू तिथे छापून आली होती.

बंकर हिल

१७७५ च्या वसंतात वॉरन मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष झाला. संरक्षण समितीचं कामही त्याच्याकडेच होतं. माणसं, दारूगोळा, धान्य, औषधं, सगळी जुळवाजुळव तो करत होता. १४ जूनला त्याला मेजर जनरल नेमण्यात आलं.

तीन दिवसांनी, १७ जूनला, चार्ल्सटाउनच्या टेकड्यांवर लढाई जुंपली. वॉरन तिथे पोचला तेव्हा इझ्राएल पुटनम आणि विल्यम प्रेस्कॉट या तिथल्या दोन अधिकाऱ्यांनी त्याला सेनापतिपद देऊ केलं. त्याने ते नाकारलं. आपल्याला युद्धाचा अनुभव नाही हे त्याला ठाऊक होतं. साधा स्वयंसेवक म्हणून बंदूक घेऊन तो मातीच्या गढीत उभा राहिला. ब्रिटिशांचे दोन हल्ले परतवले गेले. तिसऱ्या वेळी आतल्यांची दारू संपली. माघार घेताना वॉरनच्या चेहऱ्यात गोळी लागली आणि तो जागीच गेला. ब्रिटिशांनी टेकडी जिंकली, पण त्यांचे हजाराहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. वसाहतवाल्यांची हानी साडेचारशेच्या आसपास होती.

धाकटा भाऊ जॉन वॉरन, थोरल्याच्याच हाताखाली डॉक्टर झालेला, त्याला शोधत लढाईच्या जागी पोचला. पहारेकऱ्याने त्याला संगिनीने भोसकून परत लावलं. ब्रिटिशांनी जोसेफचा देह तिथेच एका खड्ड्यात पुरला होता. मार्च १७७६ मध्ये त्यांनी बोस्टन सोडलं, तेव्हा भाऊ आणि मित्र ती जागा उकरायला गेले. दहा महिन्यांनंतर चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता. पण पॉल रिव्हिअर चांदीकामाबरोबर दातांचंही काम करी. वॉरनच्या तोंडात तारेने बसवलेले कृत्रिम दात त्याने स्वतः घडवलेले होते, आणि त्यांवरून त्याने मित्राला ओळखलं. दातांवरून मृताची ओळख पटवल्याचं हे अमेरिकेतलं फार जुनं उदाहरण म्हणून न्यायवैद्यकात सांगितलं जातं. एप्रिल १७७६ मध्ये सन्मानाने अंत्यसंस्कार झाले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर तीन महिन्यांनी आला.

मागे राहिलेलं

वॉरनच्या चार मुलांचा सांभाळ त्याच्याशी विवाह ठरलेल्या मर्सी स्कॉले हिने काही काळ केला. त्यांच्या शिक्षणासाठी १७७८ मध्ये ५०० डॉलर पाठवले ते बेनेडिक्ट अर्नोल्डने. दोन वर्षांनी देशद्रोही ठरलेला हाच तो अर्नोल्ड. भाऊ जॉन वॉरन हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा संस्थापक झाला. ते १७८२ मध्ये सुरू झालं. जॉनचा मुलगा जॉन कॉलिन्स वॉरन याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इथरची गुंगी दिलेल्या रुग्णावर जाहीर शस्त्रक्रिया केली, आणि भूल देण्याच्या युगाची तिथून सुरुवात झाली. ज्या घराण्यात थोरल्याने धाकट्याला वैद्यकी शिकवली, त्या घराण्याने अमेरिकी वैद्यकाला महाविद्यालय आणि रुग्णालय दोन्ही दिलं.

जोसेफ वॉरनच्या आयुष्यात एक काळा डागही आहे आणि तो लपवू नये. गुलामगिरीविरुद्ध, म्हणजे वसाहतींच्या राजकीय गुलामगिरीविरुद्ध, तळमळीने बोलणाऱ्या या माणसाने १७७० मध्ये एक कृष्णवर्णीय मुलगा विकत घेतला होता. त्या व्यवहाराचा कागद उपलब्ध आहे. आपल्यावरच्या अन्यायाचे एवढे पुरावे गोळा करणाऱ्याला आपल्या घरातला अन्याय दिसला नाही. अमेरिकेच्या क्रांतीतली ही मोठी विसंगती वॉरनच्याही आयुष्यात होती.

गढीत बंदूक घेऊन उभं राहण्याचा त्याचा निर्णय योग्य होता का? माझं मत विचाराल तर नाही. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्सला एक बंदूक कमी पडली असती तर चाललं असतं. प्रांताचा कारभार आणि सैन्याची तजवीज एकहाती सांभाळणारा अध्यक्ष मात्र गमवायला नको होता. पण लोकांना संकटात लोटून स्वतः मागे राहायचं, हे त्याला पटलं नाही, आणि त्यामागची सचोटी नाकारता येत नाही.

अमेरिकेत डझनाहून अधिक जिल्हे वॉरनच्या नावाने ओळखले जातात. तरी त्याचं खरं स्मारक म्हणजे त्याने मागे ठेवलेले कागद : रुग्णांच्या हिशेबवह्या, साक्षीदारांचे जबाब आणि सफोकचे ठराव. लोकांचा विश्वास कमावून, पुरावा गोळा करून आणि आपली बाजू स्वच्छ लिहून काढून चळवळ उभी करता येते, हे या डॉक्टरने अकरा वर्षांत दाखवून दिलं. सार्वजनिक कामात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टर असो वा नसो, वॉरनच्या आयुष्याचा हा भाग आवर्जून वाचावा.